आईबरोबर आलेलं पोर

माझ्या भाचीच्या, धाकट्या भावाच्या मुलीच्या, जात पडताळणीच्या प्रकरणात त्रुटी निघाली, तेव्हा भाऊ ते पत्र घेऊन असोद्याहून सरळ जळगावला माझ्या मेडिकलवर आला. संध्याकाळची गर्दी होती. मी गोळ्यांची पट्टी कापून देत होते. त्यानं हेल्मेटही काढलं नव्हतं. काउंटरवर कागद ठेवला आणि म्हणाला, "ताई, आबांना दोन बाप निघाले."

समोरचं गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं. मी भावाला आत स्टुलावर बसवलं, गिऱ्हाईकाला वाटेला लावलं आणि पत्र वाचलं. आबा म्हणजे आमचे आजोबा, आमच्या वडिलांचे म्हणजे नानांचे वडील. मी कॉलेजात असताना वारले. जन्मभर असोद्यात शेती केली. पत्रात एवढंच होतं की आबांच्या शाळेच्या नोंदीत वडिलांचं एक नाव आहे आणि त्यांनी घेतलेल्या जमिनीच्या खरेदीखतात दुसरंच आहे, तरी या तफावतीचा खुलासा करावा.

ती दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही. दोन्ही घरांत आज माणसं नांदतात. शाळेतलं नाव आम्हाला लहानपणापासून पाठ होतं. वंशावळ काढायला सांगितली की आम्ही तेच लिहायचो. खरेदीखतातलं नाव मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाचलं. नावाखाली आणखी एक ओळ होती: मूळ राहणार अमुक गाव, तालुका शिंदखेडा. आमच्या घरातलं कुणी कधी शिंदखेड्याचं नाव काढल्याचं मला आठवत नव्हतं. लग्नाची पत्रिकासुद्धा त्या बाजूला कधी गेली नव्हती.

"लिहिणाऱ्यानं चुकवलं असीन," नाना फोनवर म्हणाले आणि लगेच केळीच्या भावावर बोलायला लागले. ऐंशीच्या घरातला माणूस. नको असलेल्या विषयावरून दुसरीकडे कसं वळायचं हे त्यांना चांगलं जमतं.

मी दुकान नवऱ्यावर सोपवून रविवार सोडून मधल्या वारी असोद्याला गेले, कारण शाळा उघडी पाहिजे. नानांना बरोबर घेतलं. मुख्याध्यापक बाई समजूतदार होत्या. त्यांनी जुनं जनरल रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. पानं पिवळी पडलेली, कडांना कुरतडलेली, पण अक्षर सुरेख. आबांचं नाव सापडलं. वडिलांच्या रकान्यात आम्हाला पाठ असलेलं नाव. त्याच्या पुढच्या रकान्यात जन्मठिकाण लिहायचं होतं, तिथे नुसती आडवी रेघ. वरच्या आणि खालच्या सगळ्या पोरांपुढे असोदा लिहिलेलं आणि आबांपुढेच रेघ. नानांनी चष्मा पुसून ती रेघ बघितली.

घरी येऊन ओट्यावर बसल्यावर मी पुन्हा विचारलं. बराच वेळ त्यांनी चप्पल पायातच ठेवली होती. मग म्हणाले, "एकदा बांधावरून भांडण झालतं. मी आठ-नऊ वर्षांचा असीन. शेजारच्या शेतवाल्यानं आबाले म्हटलं, तू तर आईबरोबर आलेलं पोर, तुले काय कळते या गावची शीव. आबानं फावडं ठेवलं आन् घरी चालला आला."

"मग? तुम्ही विचारलं नाही?"

"विचारलं. म्हणे, शेतातलं बोलणं घरी आणायचं नाही."

"आणि नंतर कधीच नाही विचारलं?"

"नाही."

मला इतका राग आला की मी उठून आत पाणी प्यायला गेले. आबा म्हातारे होईपर्यंत जगले. नाना आणि ते एकाच बैलगाडीवर बसून शेतात जायचे, एकाच ताटलीत शेंगा फोडायचे. एवढ्या वर्षांत एक प्रश्न विचारता आला नाही. आणि आता ज्यांना विचारायचं ते कुणीच उरले नव्हते.

उरली होती एकच, नानांची मोठी बहीण. आत्या पाचोऱ्याला असते. मी सकाळच्या गाडीनं पाचोऱ्याला गेले. आत्या अंगणात वालाच्या शेंगा निवडत होती. तिला आता कमी ऐकू येतं, पण मी काय विचारते ते तिला पहिल्याच वाक्यात कळलं. तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"कोनी सांगितलं तुले?"

मी पत्राचं सांगितलं. भाचीचं ऍडमिशन अडलंय म्हटलं. मग ती थोडं थोडं बोलली. तिची आजी, म्हणजे माझी पणजी, असोद्याला पाट लावून आली होती. पाट म्हणजे बाईचं दुसरं लग्न. त्याला ना वाजंत्री, ना पंगत. पणजीच्या कडेवर एक पोर होतं. ज्याच्या घरी आली त्यानं ते पोर आपलं म्हणून ठेवून घेतलं, शाळेत घातलं, आपलं नाव आणि आडनाव दिलं. त्याला स्वतःचं पोर पुढे झालंच नाही.

"आणि पहिल्या घरी काय झालं होतं? नवरा वारला होता का?"

"नाही माहीत."

"आजीनं काहीच सांगितलं नाही?"

"दोंडाईच्याकडून एक मिरचीवाला यायचा. तिकडचं बोलायचा. तो आला की आजी मागच्या खोलीत जाऊन बसायची, गेला की बाहेर यायची. आई आमची मिरची घ्यायची. एवढं माहीत आहे मले."

दोंडाईचा शिंदखेडा तालुक्यातलंच, म्हणून मी खरेदीखतातलं नाव तिला वाचून दाखवलं. तिनं ते पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम कठीण झाला. "माह्या आज्यानं मले खांद्यावर बसवून बाजाराले नेलं," ती म्हणाली. "ताप आला तर तो रात्रभर उशाशी बसायचा. तो माह्या बापाचा बाप होता. तू त्याचं नाव काढायले निघाली का?"

"काढायला नाही आत्या. खरं काय ते…"

"खरं तेच आहे."

जेवायला तिनं मला प्रेमानं वाढलं, पण त्या विषयावर पुन्हा बोलली नाही. परतीच्या गाडीत माझी चिडचिड होत होती, आणि तिचं म्हणणं पटत होतं म्हणून जास्तच होत होती. एक गोष्ट मात्र मला सोडत नव्हती. ज्या माणसानं आबांना एवढं आपलं मानलं, त्याच्या हयातीतच आबांनी आपल्या कमाईची पहिली जमीन घेतली होती. आणि लिहिणाऱ्यानं वडिलांचं नाव विचारल्यावर त्यांनी दुसरं नाव सांगितलं. सांगायची काही गरज नव्हती. शाळेतलं नाव सांगितलं असतं तर कुणी हटकलं नसतं. म्हणजे त्यांना ते नाव माहीत होतं, गाव माहीत होतं, आणि एकदा तरी ते कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटलं होतं. मुलाला सांगितलं नाही, मुलीला नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सांगितलं.

भाचीचं काम मध्यंतरी होऊन गेलं. दोन्ही नावं एकाच माणसाच्या वडिलांची म्हणून आली आहेत, त्यामागे हे असं कारण आहे, असं प्रतिज्ञापत्र भावानं केलं. गावात गृहचौकशी झाली. जात दोन्ही कागदांवर एकच होती. प्रमाणपत्र मिळालं, ऍडमिशन झालं, पेढे वाटले गेले. भाऊ म्हणाला, "चला, सुटलो. आता हा विषय बंद."

मीही बंद केला असता. पण त्याच आठवड्यात नानांचा दुपारचा फोन आला. भाऊ शेतात गेलेला असतो ती वेळ साधून केलेला. "त्या शिंदखेड्याकडं तू गेली का?" नानांनी विचारलं.

"नाही. आता काय गरज?"

नाना म्हणाले, "जमलं तर पाहा."

आयुष्यात त्यांनी माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. म्हणून मी निघाले, आणि त्यानंतरच्या वर्षात जेवढं डोकं फिरलं तेवढं दुकानाच्या इन्स्पेक्शनलाही कधी फिरलं नव्हतं.

त्या काळी गावातले जन्म आणि मृत्यू गावचा कोतवाल सांगायचा आणि ते एका वहीत मोडीत लिहिले जायचे. त्या वह्यांना कोतवाल बुक म्हणतात. आमच्याकडे जात पडताळणीमुळे हा शब्द आता पोराटोरांना माहीत आहे. मला त्या गावाची कोतवाल बुकं बघायची होती. आधी धुळ्याला गेले, तिथून तालुक्याला पाठवलं, तालुक्याहून पुन्हा धुळ्याला. एका खेपेला संबंधित माणूस प्रशिक्षणाला गेलेला. एका खेपेला वह्या स्कॅनिंगला गेलेल्या. एकदा सगळं जुळून आलं आणि वीज नव्हती. खोलीत खिडकी नाही, मोबाईलच्या उजेडात कागद हाताळायची परवानगी नाही. कुणी उद्धट बोललं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. सगळे नीट बोलायचे, बसा ताई म्हणायचे, चहा मागवायचे. मी चहा पिऊन रिकाम्या हातानं जळगावला यायचे. नवरा दुकानातून नुसता बघायचा. विचारायचं त्यानं सोडून दिलं होतं.

शेवटी वही मिळाली. आबांच्या अंदाजे जन्माच्या आसपासची पानं ओलीनं एकमेकांना चिकटलेली होती, ती सोडवायला गेलं की शाईसकट निघून यायची. जन्माची नोंद त्यात असेल तर असेल. तिथल्या माणसानं स्वतः प्रयत्न करून बघितला आणि हात जोडले. त्याच्या पुढची पानं धड होती. त्यांची नक्कल मी घेतली.

मी मेडिकल चालवते. कुठल्याही डॉक्टरचं अक्षर मला लागतं. पण ती मोडी माझ्यापुढे नुसती लोंबत होती. धुळ्यात मोडी वाचून देणारे एक प्राध्यापक आहेत असं कळलं. त्यांनी नक्कल घेतली, भरभर बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुमच्या कामाचं नाही. नाव वेगळं आहे." मी हिरमुसून घरी आले. चार दिवसांनी त्यांचा फोन. "मॅडम, मी ते पुन्हा बघितलं. मधलं अक्षर दोन प्रकारे लागतं. तुम्ही म्हणता ते नावही असू शकतं."

"असू शकतं म्हणजे आहे का नाही?"

"असू शकतं," ते म्हणाले.

मग मी आणखी एकाला दाखवलं. त्यानं तेच नाव आहे असं ठामपणे सांगितलं, पण ते त्यानं मी नाव सांगितल्यावर सांगितलं. त्यामुळे त्यालाही काही अर्थ राहिला नाही. तरी धरून चालू की ते नाव खरेदीखतातलंच होतं. नोंद जन्माची नव्हती, मृत्यूची होती. मयत म्हणून बापाचं नाव नव्हतं. अमक्याचा मुलगा, असं होतं. वय लहान, आजार ताप. मुलाचं नाव लिहिलेलंच नाही. त्या वहीत बारक्या पोरांची नावं फारशी लिहिलेलीच नाहीत, सगळी कुणाचा तरी मुलगा आणि कुणाची तरी मुलगी.

ते वय आबांच्या वयाला जुळत होतं.

मी तो कागद टेबलावर ठेवून बसले. याचा अर्थ काय लावायचा? एक तर आबांना थोरला किंवा जुळा म्हणावा असा भाऊ होता, तो तापानं गेला, आणि पणजी राहिलेलं पोर घेऊन निघाली. नाहीतर तो मुलगा म्हणजे आबाच. बाई पोर घेऊन गेली, आणि मागे राहिलेल्यांनी ते मेलं म्हणून लिहून टाकलं, म्हणजे उद्या वाटा मागायला कुणी नको. तिसरं म्हणजे हे नाव वेगळंच आहे, माणूस वेगळा आहे, आणि मी कुणा परक्याच्या मेलेल्या पोरावर विचार करत बसले आहे. एवढ्या खेपा घालून हाताला काय लागलं, तर आबांचा बाप ज्या एका कागदावर कदाचित आहे, त्या कागदावर आबा कदाचित मेलेले आहेत.

भावाला हे सांगितलं तेव्हा तो चिडला. त्याच्या मनानं दुसरा अर्थ लगेच पक्का केला. "मारलं त्यांनी आबांना कागदावर," तो म्हणाला. मी म्हटलं, पुरावा नाही. तो म्हणाला, "तुला अजून काय पाहिजे?"

नानांना मी फक्त एवढंच सांगितलं की गाव खरं आहे, त्या आडनावाचं घर अजून तिथे आहे. नानांनी विचारलं, "जायचं का?"

भाड्याची गाडी करून आम्ही दोघं गेलो. भाऊ आला नाही. धुळे सोडून शिंदखेड्याच्या रस्त्याला लागल्यावर नाना काचेतून बघत होते. कापूस, मका, मधेच मिरचीचे तुकडे. मी विचारलं, थकलात का. म्हणाले, "आबा कसा आला असीन एवढ्या लांब, कडेवर बसून."

घर गावाच्या मध्यावर होतं, नवीन बांधलेलं, स्लॅबचं, पुढे ट्रॅक्टर. घरचा कर्ता माणूस चाळिशीचा होता. त्यानं खुर्च्या टाकल्या, पाणी दिलं. नानांनी आपलं गाव सांगितलं आणि मग हळूहळू, शब्द जुळवत, ते नाव घेतलं. "ते तुमचे कोण?"

"पणज्याचे भाऊ," तो म्हणाला. "का बरं?"

"माह्या बापाचे वडील ते, असं आमच्या कागदावर आहे."

तो माणूस हसत होता, ते थांबलं. त्याची आजी दाराशी खाटेवर बसली होती, सगळे तिला अक्का म्हणत होते. तीच आधी बोलली, त्यांच्या अहिराणीत. "मी आयकेल शे," ती म्हणाली. "मनी सासू सांगे. एक सून व्हती, पोर काखमा लिसन निंघी गयी. मंग फिरीसन उनीच नही."

पोर काखेत घेऊन गेलेली, परत न आलेली सून, एवढं ऐकून नाना खुर्चीतून पुढे झाले. "का गेली, अक्का? नवरा होता का तवा?"

"माले नही ठाऊक. ती मना जनमना पहिलेनी गोट शे, भाऊ."

"आणि दुसरं पोर होतं का तिला?" मी विचारलं. "तापानं गेलेलं?"

अक्कानं माझ्याकडे बघून मान हलवली. नाही असं तिला म्हणायचं होतं की माहीत नाही असं, ते मला कळलं नाही. मी पुन्हा विचारणार तेवढ्यात नातू तिला म्हणाला, "अक्का, तू मझार जाय." मग आमच्याकडे वळून शहरी मराठीत म्हणाला, "काका, स्पष्ट विचारतो. तुम्ही वाटा मागायला आलात का?"

नाना गोंधळले. "नाही भाऊ. मले फक्त माह्या आज्याचं विचारायचं आहे. कसा होता, कवा गेला."

"तसं सगळेच म्हणतात. आमच्या वावरातून रस्त्याची मोजणी झालीय. भरपाई यायचीय. नेमकं आत्ताच तुम्हाला आजोबा आठवले?"

मी सांगायचा प्रयत्न केला. भाची, पडताळणी, त्रुटी. माझ्याजवळच्या फायलीकडे बघून त्याचा संशय आणखी वाढला. कागद घेऊन आलेली माणसं त्याला कधी चांगली भेटली नसावीत, त्यालाही मी दोष देत नाही. तो म्हणाला त्या माणसाला मूलबाळ नव्हतं. घरात सगळ्यांना हेच माहीत आहे, सातबाऱ्यावरही कधी कुणी वारस लागला नाही. अक्का काहीही बोलते. अक्का आतून म्हणाली, "मी काही खोटं नही सांगस."

भिंतीवर जुने फोटो होते. मी निघताना ते बघून घेतले. कुणाचे कान, कुणाची हनुवटी आबांसारखी दिसते का, हे मी अगदी हपापल्यासारखं शोधत होते. कुणाचंच काही सारखं दिसलं नाही. त्या माणसाचा फोटो त्यात होता की नाही, हे विचारायचीही सोय राहिली नव्हती.

गाडीत नाना म्हणाले, "चहा ठेवलेला होता त्यानं. तसाच राहिला."

मला वाटलं संपलं. पण काही आठवड्यांनी त्या कर्त्या माणसाचा मला फोन आला. आवाज मऊ होता. म्हणाला, त्या दिवशी जरा जास्त बोललो, अक्का रोज तुमची आठवण काढते. भाऊबंदांत बसून ठरवलंय. तुम्ही एक हक्कसोड करून द्या, म्हणजे आम्ही निर्धास्त. मग येणंजाणं ठेवू, काकांना अक्काजवळ बसवू, काय विचारायचं ते विचारा. त्यानं मसुदाही पाठवला.

मी तो मोबाईलवर नानांना वाचून दाखवला. लिहून देणार म्हणून नानांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, आणि त्यापुढे आबांचे वडील म्हणून ते नाव. खरेदीखतातलं. सदर मयतांचे आम्ही नातू असून त्यांच्या मिळकतीवर आमचा कोणताही हक्क राहिलेला नाही. नाना म्हणाले, "पुन्हा वाच." मी वाचलं. "नातू असून, असं लिहिलंय ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी सही करतो."

भावानं थयथयाट केला. त्या जमिनीचा त्याला लोभ होता असं मला वाटत नाही, एवढ्या पिढ्यांनी तिथे काही मिळणार नाही हे त्याला वकिलानं सांगितलं होतं. त्याचा राग वेगळा होता. "एकदा त्यांनी आबांना मेलेलं दाखवलं," तो म्हणाला, "आणि आता तुम्ही स्वतः लिहून देता की आमचं काही नाही. आबांना काय वाटलं असतं?"

"आबाले काय वाटलं असतं ते तुले माहीत आहे का?" नाना म्हणाले. "मले नाही माहीत. मले जमीन नको. मले त्या कागदावर नाव पाहिजे."

त्यांचं भांडण इतकं वाढलं की भावजय मधे पडली. दोघांचंही मला पटत होतं, त्यामुळे मी कुणाच्याच बाजूनं बोलले नाही आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या.

दिवस ठरला. मी आदल्या दिवशीच असोद्याला मुक्कामाला गेले. सकाळी नाना लवकर उठले, दाढी केली, लग्नाकार्यातला पांढरा शर्ट घातला, आधार कार्ड खिशात ठेवलं. गाडी दारात उभी होती. आम्ही चहा पीत असतानाच फोन आला.

"ताई, निघालात का?"

"निघतोय."

"नका निघू. आमच्या वकिलाला रात्री मसुदा दाखवला. तो म्हणे, असा कागद करू नका. हक्कसोड करून घेतलं म्हणजे नातं कबूल केल्यासारखं होतं. उद्या दुसराच कुणी निघाला तर हाच कागद आमच्यावर उलटेल. काकांना सांगा, वाईट वाटून घेऊ नका."

"आणि अक्काला भेटायचं?"

"बघू," तो म्हणाला. त्यानंतर त्यानं माझा फोन उचललेला नाही.

मी नानांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खिशातलं आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे त्यांना माहीत आहे. खोटं असतं तर भ्यायले कशाले असते?" त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मला ते बघवेना. लोक भितात ते खऱ्याला तसे खोट्यालाही भितात. वकिलाचा सल्ला म्हणजे पुरावा नव्हे. पण ते मी त्यांना बोलले नाही. ड्रायव्हरला परत पाठवलं आणि आत जाऊन पोहे परतायला घेतले, कारण भाऊ हे ऐकून आता काय बोलेल याची मला धास्ती होती. तो शेतातून आला, त्यानं ऐकलं, हात धुतले. वडिलांच्या शेजारी बसून पोहे खाल्ले.

दुपारी पाचोऱ्याहून आत्याचा फोन आला. नानांनीच तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, मोठ्यानं, तिला ऐकू जावं म्हणून. पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. नाना म्हणाले, "नाही बाई, त्याचं नाव कोन काढते. शाळेत तेच आहे. वंशावळीतही तेच आहे."

वंशावळीत तेच आहे, हे खरं. मी दुसरं नाव त्याच्या शेजारी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, त्याला कुठलाच आधार न जोडता. खरेदीखतात ते आबांनी सांगितलं म्हणून आहे, आणि आबांना ते कुणी सांगितलं, कधी सांगितलं, मला माहीत नाही. पणजी का निघाली, माहीत नाही. तो तापानं गेलेला मुलगा खरोखर होता का, आणि होता तर त्याला तिथे पुरून ती बाई दुसऱ्याला कडेवर घेऊन किती दिवसांनी चालायला लागली, हेही नाही. आत्याला हे विचारावं असं मनात येतं, पण तिलाही माहीत नसणार, आणि विचारलं तर ती मागच्यासारखीच जेवायला वाढेल.